डोके त्यांचे, हात आमचे? प्रस्थापित उद्योगांच्या ‘इनोव्हेशन’ला आमचा सवाल

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, एक शब्द हमखास सापडेल – इनोव्हेशन. मराठी वर्तमानपत्रे त्याला ‘नवोन्मेष’ म्हणतात. त्याच्या नावाने केंद्रांची उद्घाटने होतात, सल्लागार कंपन्यांना कोट्यवधी रुपये मोजले जातात, साहेब लोक पंचतारांकित हॉटेलात दोन दिवसांचे चिंतन शिबिर भरवतात. आणि त्याच कंपनीच्या शॉप फ्लोअरवर, मशीनचा आवाज बदलल्याचे सर्वांत आधी ज्याच्या कानाला कळते, त्या कंत्राटी कामगाराला मात्र तोंड उघडायची सोय नसते. त्याने काही सुचवले तर सुपरवायझरचे उत्तर ठरलेले असते: तुला सांगितलंय तेवढं कर.

आमचे म्हणणे एका वाक्यात असे आहे: जुन्या, प्रस्थापित उद्योगांत नवे काही घडत नाही ते कल्पनांच्या दुष्काळामुळे नव्हे, तर ज्ञानाच्या उतरंडीमुळे. कोणाला शिकू द्यायचे, कोणाचे ऐकायचे आणि कोणाला फक्त राबवायचे, हे जिथे आधीच ठरलेले असते तिथे यंत्र कितीही नवे आणा, संस्था जुनीच राहते.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, “हा मालकांचा आणि एमबीएवाल्यांचा विषय आहे. आपण पगार, आरक्षण आणि अत्याचार यांवर बोलावे.” आम्हाला हे मान्य नाही. उद्योगात नवे तंत्र येते तेव्हा पहिली कुऱ्हाड कोणाच्या नोकरीवर पडते? नवे कौशल्य शिकवायची वेळ येते तेव्हा यादीतून कोणाचे नाव गळते? ज्याचा परिणाम सर्वांत आधी आपल्या वस्तीत दिसतो, तो विषय मालकांचा कसा?

धोट्याने सांगितलेले सत्य

पुरावा हवा असेल तर मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची सुरुवात केली. पुढे गिरणगाव उभे राहिले आणि कोकणातून, घाटावरून हजारो माणसे तिथे आली. त्यात आपली माणसेही होती. पण साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. पगार जास्त असलेले ते खाते होते. कारण काय सांगितले जाई? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा, मग ‘विटाळ’ होणार! सवर्ण कामगारांची हरकत आणि मालकांची मूक संमती, एवढ्यावर हजारो माणसांना एका कौशल्यापासून आणि त्या कौशल्याच्या पगारापासून तोडले गेले.

इथवरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असते. तिचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. तोंडाने धागा ओढायची गरजच उरू नये, असा धोटा तेव्हा जगात उपलब्ध होता. अमेरिकेतील ड्रेपर कंपनीने १८९४-९५च्या सुमारास नॉर्थ्रॉप स्वयंचलित माग बाजारात आणला. त्याच्या धोट्यात धागा आपोआप ओवला जाई. पुढे १९११ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली, कारण त्यातून रोग पसरण्याची भीती होती. म्हणजे मुंबईत ‘विटाळ’ म्हणून माणसे बाहेर ठेवली जात होती, तेव्हा त्या विटाळाचे यांत्रिक उत्तर तयार होऊन कितीतरी वर्षे झाली होती.

तरीही मुंबईच्या बहुसंख्य गिरण्या जुन्या साध्या मागांवरच चालत राहिल्या. का? मजूर स्वस्त होता. गेटवर बदली कामगारांची रांग होती. भरती मुकादमाच्या हाती होती आणि मुकादम आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आत घेत होता. शिकवण्याचा खर्च मालकाला नको होता. जातीची रचना त्याला फुकटात शिस्त पुरवत होती. ज्या व्यवस्थेत माणूस यंत्रापेक्षा स्वस्त असतो, तिथे नवे यंत्र आणायची घाई कोणाला असेल?

१९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप झाला. त्यामागे मालकांची त्या काळची ‘इनोव्हेशन’ होती. तिचे नाव कार्यक्षमता योजना. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे आणि उरलेल्यांनी घरी जायचे. पद्धत सुधारायची नाही, प्रशिक्षण द्यायचे नाही, हात कमी करायचे आणि त्याला आधुनिकता म्हणायचे. त्याच संपाच्या वेळी बाबासाहेबांनी साचेखात्याची दारे आपल्या माणसांना उघडलीच पाहिजेत, असा आग्रह धरला. कामगार एकजुटीचे नारे देणाऱ्या पुढाऱ्यांना ही मागणी अडचणीची वाटत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर बाबासाहेब त्या दिवशी दोन गोष्टी एकाच वेळी मागत होते: माणसाचा हक्क, आणि त्या उद्योगाची अडवून ठेवलेली क्षमता.

पुढे १९८२ साली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि गिरण्या मोडत गेल्या. त्याची कारणे अनेक आहेत. पॉवरलूमची स्पर्धा होती, सरकारी धोरण होते, जमिनीचा भाव होता. पण जो उद्योग सव्वाशे वर्षांत आपल्या कामगाराला शिकणारा, विचार करणारा माणूस मानायला तयार झाला नाही, त्याच्या मालकांना शेवटी कापडापेक्षा जमिनीत जास्त रस वाटावा यात नवल ते काय?

क्षमता कपाटात नसते

व्यवस्थापनाची पुस्तके ‘संघटनात्मक क्षमता’ असा भारदस्त शब्द वापरतात. त्याचा साधा अर्थ असा की संस्थेतली माणसे मिळून काय करू शकतात आणि काय नवे शिकू शकतात. ही क्षमता तिजोरीत ठेवता येत नाही की पेटंटच्या फायलीत कोंडता येत नाही.

कोडॅक कंपनीचे उदाहरण घ्या. १९७५ साली याच कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेरा बनवून दाखवला. जगाचे भविष्य टेबलावर ठेवलेले होते. पण कंपनीची कमाई फिल्मवर होती आणि निर्णय घेणाऱ्यांची सगळी प्रतिष्ठा त्या कमाईला बांधलेली होती. कोडॅकने डिजिटलवर पुढे पैसा खर्चही केला, पण मन फिल्ममधून काढले नाही. जानेवारी २०१२मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिची जपानी प्रतिस्पर्धी फुजीफिल्म मात्र तगली. तिने आपल्या माणसांना खरोखर काय येते, याची मोजदाद केली. फिल्म बनवताना कोलॅजेन हाताळावे लागते, रंग उडू नये म्हणून रसायने वापरावी लागतात, अतिशय पातळ थर द्यावे लागतात. या ज्ञानातून तिने टीव्ही-संगणकाच्या पडद्यांसाठी लागणाऱ्या फिल्म बनवल्या, सौंदर्यप्रसाधनेही काढली. एका कंपनीने आपले उत्पादन म्हणजेच आपली ओळख मानली, दुसरीने आपल्या माणसांचे ज्ञान म्हणजे आपली ओळख मानली. फरक इथे पडला.

आता आम्ही विचारतो: आपल्या कंपनीत कंत्राटी कामगाराला काय-काय येते, याची यादी भारतातल्या किती व्यवस्थापनांकडे आहे? हजेरीची यादी आहे, ज्ञानाची नाही. काही महिन्यांनी ब्रेक देऊन त्याला गेटबाहेर काढले जाते, त्याच्यासोबत त्याने शिकलेले सगळे बाहेर जाते. मग तेच व्यवस्थापन ‘स्किल गॅप’वर परिसंवाद भरवते!

तीच माणसे, तोच कारखाना

“हे कामगारच तसे आहेत हो. आळशी, दारू पिणारे, युनियनबाज.” हे वाक्य आपण कितीदा ऐकले आहे? या वाक्याची परीक्षा एकदा प्रत्यक्ष झाली, अमेरिकेत.

कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी एवढी की रोज पाचातला एक कामगार गायब. दारू, भांडणे, तक्रारींचे ढीग, आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांत दोषच दोष. १९८२ साली कंपनीने तो बंद केला. नंतर जनरल मोटर्स आणि जपानच्या टोयोटाने मिळून तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने १९८४ साली पुन्हा सुरू केला. युनियन तीच. कामगारही बहुतेक तेच, ज्यांना ‘सुधारण्यापलीकडचे’ ठरवले होते. मग बदलले काय? व्यवस्था बदलली.

शेकडो कामगारांना शिकण्यासाठी जपानला टोयोटाच्या कारखान्यात पाठवले गेले. कामांच्या डझनावारी श्रेण्या मोडून मोजक्याच ठेवल्या, म्हणजे एकाला दुसऱ्याचे काम शिकता येऊ लागले. लहान-लहान गट केले आणि काम कसे करायचे हे लिहून काढण्यात त्या गटांना सामील करून घेतले. प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी होती. दोष दिसला की ती ओढायची. टीम लीडर धावत येणार, आणि ठरलेल्या वेळेत दोष सुटला नाही तर अख्खी लाइन थांबणार. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणे हा गुन्हा होता, इथे दोष लपवणे हा गुन्हा झाला. करारात नोकरीच्या सुरक्षेची हमी होती. १९८८ साली विक्री घसरली तेव्हा कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावले गेले.

परिणाम? सुमारे दोन वर्षांत गैरहजेरी तीन-चार टक्क्यांपर्यंत खाली आली. गुणवत्ता आणि उत्पादकता टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या जवळ पोहोचली. माणसे तीच होती मित्रांनो! त्यांच्या रक्तात दोष नव्हता, रचनेत होता. जन्मावरून गुणवत्ता ठरवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर फेकावा असा हा पुरावा आहे.

आणि जनरल मोटर्सने यातून काय घेतले? रॉजर स्मिथ अध्यक्ष असताना या कंपनीने १९८०च्या दशकात यंत्रमानवांवर आणि स्वयंचलनावर अब्जावधी डॉलर ओतले. नुम्मीची पद्धत दुसऱ्या कारखान्यांत नेण्याचे प्रयत्न झाले, पण वरचे साहेब आणि मधले साहेब आपला अधिकार सोडायला तयार नव्हते. दोरी टांगता येते, ती ओढणाऱ्याचे ऐकून घ्यायची सवय टांगता येत नाही. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यांतही आज कायझेनचे फलक आहेत, लाल-पिवळे दिवे आहेत, सजेशन बॉक्स आहेत. पण ट्रेनी म्हणून आलेल्या आयटीआयच्या पोराने लाइन थांबवली तर त्याचे कौतुक होईल की त्याचा गेटपास जाईल? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून त्या कंपनीची सगळी ‘इनोव्हेशन’ कळते.

‘मेरिट’चा टेंभा

इथे कोणी म्हणेल, अमेरिकेच्या कारखान्याचा आणि जातीचा संबंध काय? संबंध असा की तिथली उतरंड पदाची होती. आपल्याकडे पदाच्या उतरंडीखाली जन्माची उतरंड पक्की बसवलेली आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीची आर्थिक चिकित्सा करताना हेच दाखवून दिले होते की जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि वर-खाली रचते. ज्याने हाताने काम करायचे त्याने विचार करायचा नाही आणि ज्याने विचार करायचा त्याने हात मळवायचे नाहीत, ही आपल्याकडची जुनी व्यवस्थापन पद्धत आहे. हात आणि डोके यांच्यात भिंत घालणाऱ्या समाजात शोध कमी लागतात, यात आश्चर्य नाही.

ही भिंत कंपनीच्या वरच्या मजल्यावर स्पष्ट दिसते. भारतातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे होते. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. खाली गेटवरही तेच. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित नावाच्या अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. तेच घराणे, तीच शाळा, तेच क्लब, तेच विचार. अशा बैठकीत नवी कल्पना येणार कोठून? सगळ्यांनाच एकच गोष्ट दिसते आणि सगळ्यांच्याच नजरेतून एकच गोष्ट सुटते.

“आरक्षणाने कार्यक्षमता घसरते” असा टेंभा मिरवणाऱ्यांसाठी आणखी एक पुरावा. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी भारतीय रेल्वेच्या आकडेवारीचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. आरक्षणामुळे रेल्वेची उत्पादकता घटल्याचा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. उलट वरच्या श्रेणीच्या पदांवर अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण वाढले तिथे उत्पादकतेवर चांगला परिणाम झाल्याची चिन्हे दिसली. रेल्वेपेक्षा जुना आणि प्रस्थापित उद्योग या देशात दुसरा कोणता दाखवता?

सूचनापेटी पुरेशी नाही

एक गंभीर आक्षेप आमच्याच बाजूने येतो, आणि तो टाळून चालणार नाही. कामगाराचे ज्ञान मागणे म्हणजे त्याला आणखी पिळणे नव्हे काय? माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या अमेरिकन कामगार अभ्यासकांनी नुम्मीच्या पद्धतीवर हीच टीका केली. कामगार स्वतःच आपल्या कामातला प्रत्येक सेकंद वाचवतो आणि त्या वाचलेल्या सेकंदात कंपनी त्याला आणखी काम देते. या टीकेत तथ्य आहे. आणि नुम्मीचा शेवटही विसरू नका. जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली, टोयोटाने हिशेब मांडला आणि १ एप्रिल २०१० रोजी कारखाना बंद झाला. पंचवीस वर्षे उत्तम काम करणाऱ्या कामगारांना त्या निर्णयात जागा नव्हती. लाइन थांबवायची दोरी त्यांच्या हाती होती, कारखाना थांबवायची मालकांच्या हाती.

म्हणूनच आम्ही सूचनापेटी मागत नाही. आम्ही निर्णयात वाटा मागतो. जर्मनीत १९७६च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना असतात. निर्णायक मत भागधारकांच्या बाजूच्या अध्यक्षाकडे राहते, हे खरे. पण कामगार त्या टेबलावर बसतो, हेही तितकेच खरे, आणि त्यामुळे जर्मन उद्योग बुडालेला नाही.

आपल्याकडे काय आहे? १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ४३-अ आला. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा यासाठी राज्याने पावले उचलावीत, असे ते सांगते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार प्रतिनिधींची कार्य समिती नेमण्याची तरतूद होती. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. कागदावर सगळे आहे. ते अमलात आणायला भाग पाडणारे आपण कुठे आहोत?

आमच्या मागण्या

पहिली: शंभराच्या वर कामगार असलेल्या कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने विचारावे की इथे कार्य समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि नवे यंत्र आणण्याआधी तिच्यापुढे विषय आला होता का.

दुसरी: प्रशिक्षणाच्या यादीत कंत्राटी कामगार आणि ट्रेनी असलेच पाहिजेत. कोणाला शिकवले, कोणाला वगळले आणि बढती कोणाला मिळाली, याची सामाजिक वर्गवारीसह आकडेवारी कंपनीने जाहीर करावी.

तिसरी: कामगाराने सुचवलेल्या सुधारणेची त्याच्या नावासह लेखी नोंद व्हावी आणि होणाऱ्या बचतीत त्याचा ठरलेला वाटा असावा. टाळ्या आणि स्टीलचा डबा नको.

चौथी: कामगाराच्या सूचनेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही आणि दोष दाखवल्याबद्दल कोणावर कारवाई होणार नाही, अशी हमी करारात असावी. ही हमी नसेल तर ज्ञान लपवून ठेवणे हाच कामगाराचा शहाणपणा ठरतो.

पाचवी, आपल्या उद्योजक बांधवांसाठी: आपल्यातले अनेक जण आज कारखाने काढत आहेत, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तुमच्या कारखान्यातही मुकादमी पद्धत असेल आणि झाडू मारणारा एकाच समाजाचा असेल, तर बोर्डावरचे नाव बदलले एवढेच झाले. उतरंड मोडणारा उद्योग उभा करून दाखवा, स्पर्धेत तोच टिकेल.

मित्रांनो, उद्या नवी यंत्रे येणारच आहेत. संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपासून यंत्रमानवांपर्यंत सगळे आपल्या कारखान्यांच्या दारात उभे आहे. मालक पुन्हा कार्यक्षमतेच्या गप्पा मारतील, पुन्हा कुणीतरी ‘हे काम यांना जमणार नाही’ म्हणेल. कारण या वेळी ‘विटाळ’ नसेल, ‘कम्युनिकेशन स्किल’ असेल, ‘कल्चर फिट’ असेल. शब्द बदलतील, पण साचेखात्याच्या दारावरचा पहारेकरी तोच असेल. त्याला ओळखा. आणि आत घ्या म्हणून विनंती करत बसू नका. आत काय चालावे हे ठरवण्याचा हक्क मागा.

जय भीम! जय संविधान!